तू उभा राहा, ती थांबते

आमच्या सोसायटीचं फाटक ज्यानं बांधलं त्याच्याकडे बहुधा सायकल असावी. गाडी बाहेर काढायची तर आधी दोन्ही आरसे मिटायचे, मग देवाचं नाव घ्यायचं आणि मागे कुणाला तरी उभं करायचं. आमच्याकडे हे मागे उभं राहण्याचं काम खालच्या मजल्यावरचा मित्र करायचा. मित्र माझ्या नवऱ्याचा. निवृत्त भूगोल शिक्षक, मूळचा निफाडकडचा. शाळेत आयुष्यभर शुद्ध बोलावं लागल्याचा सूड म्हणून की काय, निवृत्तीनंतर तो पुन्हा गावाकडचं बोलायला लागला होता.

"येऊ दे… येऊ दे… डावीकडं घे. तुझं डावं, माझं नाय! येऊ दे… बास!"

आणि डिकीवर एक थाप. ती थाप पडली की नवरा गिअर बदलायचा. आरशात बघायचाही नाही. मित्र आधीच चहा टाकून आलेला असायचा, त्यामुळे गाडी रस्त्याला लागेपर्यंत तो त्याच्या दारात पोचलेलासुद्धा असे. सकाळी दोघं जॉगिंग ट्रॅकवर फिरायला जात. जॉगिंग त्या ट्रॅकवर मी कुणालाच करताना पाहिलं नाही, पण राजकारण मात्र तिथे चांगलं घाम येईपर्यंत व्हायचं.

(लिहिताना मी नवऱ्याला 'तो' म्हणते. घरात 'अहो' म्हणते. लिहिण्याचे जे थोडे फायदे आहेत त्यांतला हा एक.)

गेल्या वर्षी जुनी गाडी गेली आणि नवी आली. आग्रह मुलीचा. ती बंगळुरूला असते आणि तिथून आमची काळजी करते. "बाबा, आता तुमचं वय झालंय. गाडी अशी घ्या की तिला स्वतःची अक्कल असेल." नवऱ्याला यातलं पहिलं वाक्य झोंबलं आणि दुसरं आवडलं.

शोरूममध्ये गाडी ताब्यात देण्याचा जो सोहळा झाला, तेवढा आमच्या लग्नात झाला नव्हता. गाडीवर लाल सॅटिनची चादर. थर्मोकोलची हातभर किल्ली. केक. मॅनेजरसाहेबांनी भाषण केलं, "सर, आजपासून तुम्ही ड्रायव्हर नाही, तुम्ही प्रवासी आहात." टाळ्या शोरूमच्याच लोकांनी वाजवल्या. मग मागच्या आवारात प्रात्यक्षिक. एक पुठ्ठ्याचा माणूस उभा केला, त्याला टायबिय रंगवलेला होता. विक्रेत्यानं गाडी त्याच्या अंगावर नेली आणि ब्रेकवरचा पाय उचलून आम्हाला दाखवला. गाडी किंचाळली आणि पुठ्ठ्याच्या हातभर अलीकडे आपण होऊन थांबली.

"बघितलंत काका? गाडीला माणूस कळतो."

नवऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे यंत्र त्यानंच शोधून काढलं होतं.

शोरूममधून गाडी थेट पंचवटीत. नवी गाडी रामापुढे नेल्याशिवाय घरी आणायची नाही, हा आमच्याकडचा रिवाज. मी स्वतः फारशी देवाधर्माची नाही, पण रिवाजांशी भांडायला जो उत्साह लागतो तो माझा चाळिशीतच संपला. गुरुजींनी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला आणि तेलात कालवलेलं कुंकू बोटावर घेऊन ते बॉनेटपाशी वाकले.

"थांबा, थांबा," नवरा म्हणाला. "रंगावर नको. पांढरी गाडी आहे, डाग जाणार नाही. काचेवर काढा."

"काचेवर? चालवताना आड येईल तुमच्या."

"मग वर काढा ना, मधोमध. आरशाच्या मागे. तिथून कुठे काय बघायचं असतं?"

गुरुजींनी हात उंच करून, टाचा उचलून, तिथे छान ठसठशीत स्वस्तिक काढलं. ते मुद्दाम पुसायचं नसतं, आपोआप जाऊ द्यायचं असतं. आम्ही ते जाऊ दिलं नाही आणि पुसलंही नाही. पाऊस नव्हता. दुसऱ्या दिवसापासून समोरच्या पडद्यावर एक पिवळं चिन्ह दिसायला लागलं. नवऱ्यानं विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, नवीन गाडी आहे. येतं कधीकधी. इग्नोर करा." नवऱ्यानं इग्नोर केलं. सांगितलेलं करण्यात तो नेहमीच चोख.

त्याच आठवड्यात एका सकाळी मित्रानं गाडीभोवती एक चक्कर मारली, मागचा कॅमेरा पाहिला, गाडी मागे घेताना तिनं दिलेली टूं-टूं ऐकली आणि म्हणाला, "म्हणजे माझी नोकरी गेली."

"पेन्शनीत काढलं तुला," नवरा म्हणाला.

"आन पुढून? पुढून कोण आलं तर?"

"आपोआप थांबते. माणूस कळतो तिला."

"लय शहाणी दिसती. तुझ्या घरात आता दोन झाल्या." हे माझ्याकडे बघून. मी वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. मी हसले. त्या सकाळी आम्ही तिघंही बरंच हसलो, म्हणून पुढचं सगळं मला अजून स्पष्ट आठवतं. हसताना माणूस नीट बघतो, असं माझं मत आहे.

"बघायचंय तुला?" नवरा म्हणाला. "थांब, दाखवतो."

तो गाडीत बसला. मित्र भिंतीशी होता.

"इकडे ये, समोर. तू उभा राहा, ती थांबते."

मित्र समोर येऊन उभा राहिला. छाती काढून, हात मागे बांधून, शाळेच्या प्रार्थनेला उभा असल्यासारखा. "येऊ दे," तो ओरडला. "येऊ दे…"

गाडी हळूच निघाली. पार्किंगमध्ये वेग तो काय असणार, पण वेग होता. नवऱ्यानं पाय उचलून ठेवला होता, विक्रेत्यानं दाखवला होता तसाच. मित्राचं "बास!" मला ऐकू आलं. गाडीला कळला तो फक्त रस्ता. नवऱ्याचा पाय ब्रेकवर आला, पण उशिरा. मित्र बाजूला आडवा झाला आणि त्याच्याखाली काहीतरी मोडल्याचा आवाज आला. खुबा होता.

रुग्णवाहिकेत घालताना तो नवऱ्याचा हात धरून म्हणत होता, "काय नाय रे. काय नाय. आपण पुठ्ठ्याचे नाय, एवढंच झालं." म्हणजे शोरूममधली गोष्ट नवऱ्यानं त्याला आधीच रंगवून सांगितलेली होती. तेव्हा त्याला राग नव्हता. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण नंतर सगळे जण, आम्हीसुद्धा, असं बोलायला लागलो की राग पहिल्यापासूनच होता.

गाडीनं माणूस जखमी झाला की इस्पितळ पोलिसांना कळवतं. त्यामुळे संध्याकाळपर्यंत हवालदार येऊन गेला. त्याआधी नवऱ्यानं विमा एजंटला फोन केला होता. एजंट गोड माणूस. त्यानं एकच गोष्ट दोनदा सांगितली, "काका, चूक कबूल करायची नाही. पॉलिसीतच लिहिलंय. कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय कबुली दिली तर कंपनी हात वर करू शकते. आणि मग त्यांचं ऑपरेशन, सगळं, तुमच्यावर."

मी नंतर ती अट काढून वाचली. खरंच आहे. आयुष्यात मी बऱ्याच पोथ्या वाचल्या, पण क्षमा मागायला बंदी घालणारी ही पहिलीच.

आम्ही वॉर्डात गेलो तेव्हा मित्राचा मुलगा पुण्याहून येऊन पोचला होता. पाय वजन लावून टांगलेला. वहिनी, म्हणजे मित्राची बायको, डब्याची झाकणं उगीच उघडत-मिटत होती. मित्र नवऱ्याची वाट बघत होता. ते दिसत होतं. नवरा दारातून आत आल्याबरोबर मित्राच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं.

मुलानं विचारलं, "काका, नेमकं काय झालं?"

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "गाडी थांबली नाही."

पाच माणसांच्या खोलीत इतकं खरं आणि इतकं अपुरं वाक्य मी पुन्हा ऐकलेलं नाही. मित्र थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिला. पुढचं वाक्य येईल असं त्याला वाटत असावं. आलं नाही. मग त्यानं मान वळवली आणि भिंतीकडे पाहत मुलाला म्हणाला, "पाणी दे रे."

गाडी तपासायला गेली. तिथल्या माणसानं काचेकडे नुसती मान वर करून पाहिलं आणि म्हणाला, "काका, कॅमेऱ्याच्या डोळ्यावरच काढलंय की हो." माणूस ओळखणारा कॅमेरा आरशाच्या मागे, काचेच्या वरच्या भागात, अगदी मधोमध बसवलेला असतो. जिथून कुठे काय बघायचं असतं, असं आम्हाला वाटलं होतं, नेमका तिथे. पिवळं चिन्ह रोज तेच सांगत होतं.

गाडी बनवणाऱ्यांचं उत्तर आलं. फार सभ्य. कॅमेऱ्यासमोर अडथळा होता. शिवाय ही व्यवस्था चालकाच्या मदतीसाठी आहे, चालकाच्या जागी नाही. गाडीवर ताबा ठेवण्याची जबाबदारी सदैव चालकाची. म्हणजे शोरूममध्ये जो प्रवासी होता तो पत्रात पुन्हा ड्रायव्हर झाला होता. विक्रेता दरम्यान नोकरी सोडून गेला होता. मॅनेजरसाहेब म्हणाले, "असं प्रात्यक्षिक घरी करू नये हे आम्ही प्रत्येकाला सांगतो." सांगितलं असेल. टाळ्यांत ऐकू आलं नसेल.

नवऱ्याच्या डोक्यात मात्र एक भुंगा शिरला होता. दोष कुठेतरी आहे आणि तो सापडला की आपण सुटू. तो मला घेऊन पंचवटीत गुरुजींकडे गेला. गुरुजी एका ट्रॅक्टरची पूजा करत होते.

"गुरुजी, ते स्वस्तिक…"

सगळं ऐकून गुरुजी हादरले. "अहो यजमान, मी बॉनेटवरच काढतो! तुम्हीच म्हणालात रंग जाईल. ह्या ताई होत्या की तिथे." मग आवाज खाली आणून, "माझं नाव कुठं घालू नका हो. दसरा तोंडावर आलाय."

ट्रॅक्टरवाल्या शेतकऱ्यानं विचारलं, "काय झालं?" गुरुजी म्हणाले, "काही नाही. गाडीला दृष्ट लागली." हे उत्तर मला कायदेशीरदृष्ट्याही निर्दोष वाटलं. त्यात कुणाचीच चूक नव्हती.

मित्राच्या मुलानं भरपाईचा दावा लावला. त्याला मी दोष देत नाही. बापाच्या पायात सळई होती आणि काका एक वाक्य बोलत नव्हते. दाव्यात नवरा सामनेवाला क्रमांक एक झाला. विमा कंपनीनं आपले वकील दिले. वकील तरुण, हुशार आणि घाईत.

"त्यांना भेटायला जाऊ नका."

"अहो, शेजारी राहतात. मित्र आहे माझा."

"मित्र होते. आता ते अर्जदार आहेत."

"निदान फोन करून सॉरी…"

"सॉरी म्हणजे अ‍ॅडमिशन, कबुली. उलट आपलं म्हणणं असं आहे की ते स्वतः येऊन गाडीसमोर उभे राहिले. त्यांचा स्वतःचा निष्काळजीपणाही याला जबाबदार आहे." मग माझ्याकडे वळून, "मॅडम, तुम्ही गॅलरीत होतात ना? आधी कोण बोललं ते तुम्हाला वरून ऐकू येणं शक्य नाही, बरोबर?"

"मला शब्दन् शब्द ऐकू आला," मी म्हणाले.

"मग तुम्हाला साक्षीला नको बोलवायला," वकील म्हणाले आणि घड्याळ बघितलं.

नवरा हे सगळं मान खाली घालून ऐकत होता. बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं, "अहो, खाली जा आणि सांगून टाका. काय व्हायचं ते होईल."

"आणि कंपनीनं हात वर केले तर? त्याचंच नुकसान आहे. मी गप्प बसलोय ते त्याच्याचसाठी."

हे अगदीच खोटं नव्हतं, म्हणून तर तो त्यावर इतके महिने राहू शकला.

त्याच सुमारास आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात व्याख्यान झालं. विषय, 'चालकविरहित भविष्य आणि कायदा.' पाहुणे उशिरा आले, कारण त्यांच्या ड्रायव्हरला पत्ता सापडत नव्हता. परिचय व्याख्यानाएवढाच लांब होता, पण व्याख्यान बरं निघालं. परदेशात काही शहरांत गाड्या खरोखरच कुणी न बसता फिरतात. तिथे अपघात झाला तर जबाबदार कोण, बनवणारा, आतला प्रोग्रॅम लिहिणारा की मालक, यावर खल चालू आहे. "आपल्याकडे मात्र," पाहुणे म्हणाले, "गाडी कितीही शहाणी असो, कायद्याला ती गाडीच. पुढे बसलेला तो चालक."

प्रश्नोत्तरांत नवरा उठला. मला कळायच्या आत उठला.

"समजा, एका गृहस्थानं विश्वासानं गाडी चालवली. गाडी थांबेल असं त्याला सांगितलेलं होतं. ती थांबली नाही. तर त्या गृहस्थाचा दोष किती?"

सभागृहात तो गृहस्थ कोण हे माहीत नसलेला एकच माणूस होता, आणि तो व्यासपीठावर शाल पांघरून बसला होता. त्यानं उत्साहानं बोटांवर वाटणी करून दाखवली. काही भाग उत्पादकाचा, काही विक्रेत्याचा, काही चालकाचा, आणि जखमी स्वतः समोर आला असेल तर काही त्याचाही. सगळे माना डोलवत होते. तिसऱ्या रांगेत वहिनी बसल्या होत्या. मी त्यांना तोवर पाहिलं नव्हतं. त्या उठल्या, पदर सावरला आणि शांतपणे बाहेर गेल्या.

मला त्या संध्याकाळी वाटलं की दोष हा प्रसादासारखा झालाय. इतक्यांना वाटायचा की प्रत्येकाच्या हातावर चिमूटभरच येतो, आणि तो तोंडात टाकला की हात झटकून मोकळे.

दावा शेवटी लोकअदालतीत मिटला. कंपनीनं पैसे दिले, दोन्हीकडच्या सह्या झाल्या. वकिलांनी नवऱ्याशी हस्तांदोलन केलं. "आता बोला तुम्ही खुशाल. मोकळे आहात."

त्याच दिवशी आम्ही खाली गेलो. इतक्या महिन्यांत तो जिना इतका लांबचा झाला होता. मित्र खिडकीशी खुर्चीत, शेजारी वॉकर. बारीक झाला होता. टीव्हीचा आवाज त्यानं कमी केला, बंद केला नाही.

"या. बसा," तो म्हणाला. शुद्ध मराठीत.

नवरा बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, "मी तुला उभं केलं. मीच म्हणालो, तू उभा राहा. ब्रेक मारायला हवा होता, मी मारला नाही. चूक माझी आहे."

एवढं सगळं, एका दमात. घरी किती वेळा म्हणून पाहिलं असेल कुणास ठाऊक.

मित्र ऐकत होता. मग म्हणाला, "तेव्हा कंपनीनं सांगितलं बोलू नका, तुम्ही बोलला नाहीत. आज कंपनी म्हणाली बोला, तुम्ही आलात. तुमचं स्वतःचं काय ते मला अजून कळलं नाही."

नवरा तेव्हा खाली बसला.

"त्या खोलीत," मित्र म्हणाला, "माझा मुलगा होता, बायको होती. त्यांना वाटलं मीच म्हातारचळ लागल्यासारखा गाडीपुढे जाऊन उभा राहिलो. नंतर मी किती सांगितलं तरी… जाऊ द्या. सही केलीय मी, तक्रार उरली नाही म्हणून. ती पुन्हा उकरायला नको. चहा घेणार?"

आम्ही चहा घेतला. चांगला होता. टीव्हीवर पावसाचा अंदाज चालला होता.

पुढच्या महिन्यात मुलगा दोघांना पुण्याला न्यायला आला. तिथे त्याच्या इमारतीला लिफ्ट आहे. सामान आधी गेलं होतं. मित्राला दोघांनी धरून पुढच्या सीटवर बसवलं, वॉकर डिकीत गेला, वहिनी मागे बसल्या. वहिनींनी माझा हात हातात घेतला आणि थोडा वेळ सोडला नाही. त्यांच्याशी माझं काहीच मोडलेलं नव्हतं, तरी आता तेही राहणार नव्हतं.

मुलगा गाडी मागे घ्यायला लागला. फाटक तेच. नवरा फाटकाकडे गेला. कुणी सांगितलं नव्हतं. तो गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला, हात वर केला, आणि जन्मात कधी न केलेलं काम करायला लागला.

"येऊ दे… येऊ दे… डावीकडे थोडं…"

त्याला ते जमत नव्हतं. कुणाचं डावं हे त्यालाही ठरवता येत नव्हतं. गाडीची टूं-टूं सुरू झाली, जवळ जवळ होत गेली. नवरा हलला नाही.

गाडी थांबली. पुढची काच खाली आली. मित्रानं डोकं बाहेर काढलं नाही, आतूनच मुलाला म्हणाला, पण आम्हाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, "त्यांना म्हणावं बाजूला व्हा. मागं कॅमेरा आहे."

त्याला लागू नये म्हणून म्हणाला, की आता गरज उरली नाही म्हणून, हे मी अनेकदा मनात उलटंपालटं करून पाहिलं आहे. नवऱ्याला मी कधी विचारलं नाही.

तो बाजूला झाला, पार भिंतीला टेकून. गाडी त्याच्यासमोरून मागे गेली, एका फटक्यात, कुठे न घासता फाटकाबाहेर पडली. डिकी त्याच्या हाताच्या अंतरावरून गेली. त्याचा तळवा उचलला गेलेला मी पाहिला. थाप मारायला तो उचलला होता, पण गाडी त्याआधीच रस्त्याला लागली होती.